लावले म्हणजे पोहोचले का?



गेल्या महिन्यात कोकणातून एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या सासूबाईंची केमोथेरपी सुरू आहे. प्रत्येक डोसनंतर दोन-तीन दिवस पोटात पाणीही ठरत नाही. मळमळ थांबवण्याची गोळी द्यावी, तर दहा मिनिटांत तीच उलटीतून बाहेर पडते. अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितले की तिकडे एक जेल मिळते, ते मनगटावर चोळले की मळमळ थांबते. गोळी नको, सुई नको. भगिनी लिहितात, "अम्मी रोज विचारतात, ते मनगटावर लावायचे औषध कधी येणार? मागवू का?"

या सदरात आम्ही घाईने उत्तर देत नाही. हे पत्र वाचल्यावर तर मुळीच देववले नाही. गोळी पोटात टिकत नाही, तेव्हा औषध त्वचेतून द्यावे हा विचार शहाणपणाचा आहे. जगात तसे दोन चांगले पॅच आहेतही. पण त्वचेवर लावलेले प्रत्येक औषध आत पोहोचते का? आणि पोहोचले की नाही, हे कळते कसे? या महिन्याचे सदर या एका प्रश्नावर आहे. भगिनीच्या पत्राचे उत्तर शेवटी दिले आहे.

दारावरचा पहारेकरी

आपण अंघोळ करतो, तासन् तास कपडे धुतो, कोळी बांधव समुद्राच्या पाण्यात उभे राहतात. तरी पाणी अंगात शिरत नाही. अल्लाहने माणसाला दिलेले हे कवच फार पक्के आहे. त्याचा खरा पहारा असतो सर्वांत वरच्या थरात. हा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात. विटा आणि त्यांच्यातला चुना, अशी उपमा शास्त्रज्ञ देतात. अंगावर बहुतेक ठिकाणी या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाइतकी असते. पण बहुतेक औषधे तिथेच अडतात.

पलीकडे जायचे तर औषधाचा कण लहान हवा. त्याला तेलाचीही ओढ हवी आणि पाण्याचीही, कारण चुना स्निग्ध आहे आणि त्याखालची जिवंत त्वचा पाणीदार. शिवाय औषध जहाल हवे, म्हणजे अगदी थोडे आत गेले तरी काम करील असे. ज्या औषधाचे दिवसाला पाचशे मिलिग्रॅम लागतात, त्याला हे दार उपयोगाचे नाही.

या अटींत बसलेले एक औषध म्हणजे स्कोपोलामिन. आपल्याकडच्या धोतऱ्यातही हे द्रव्य असते. प्रवासात होणारी मळमळ ते थांबवते. त्याचा कानामागे लावायचा पॅच अमेरिकेत १९७९ साली मंजूर झाला. औषध त्वचेतून रक्तात पोहोचवणारा तो तिथला पहिला मंजूर पॅच. तीन दिवसांत तो सुमारे १ मिलिग्रॅम औषध देतो. (धोतऱ्याचे नाव घेतले म्हणून कोणी पाने वाटून कानामागे बांधू नयेत. धोतरा विषारी आहे, आणि पानात किती द्रव्य आहे याला काही माप नसते.)

दुसरे औषध ग्रॅनिसेट्रॉन. हे खास केमोथेरपीच्या उलट्यांवरचे आहे. त्याचा पॅच अमेरिकेत २००८ साली मंजूर झाला. तो दंडाच्या बाहेरच्या बाजूला लावतात आणि सात दिवसांपर्यंत ठेवता येतो.

काचेच्या दोन वाट्या

आता मुख्य गोष्ट. हे औषध त्वचेतून किती जाते, हे प्रयोगशाळेत कसे मोजतात?

यासाठी जगभर जे साधन वापरतात त्याला फ्रान्झ सेल म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ साली या पद्धतीवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. साधन दिसायला साधे आहे: काचेच्या दोन वाट्या, एकीवर एक. मध्ये त्वचेचा तुकडा ताणून बसवतात आणि चिमट्याने घट्ट आवळतात. वरच्या वाटीत, त्वचेच्या बाहेरच्या बाजूवर, जेल किंवा पॅच ठेवतात. खालच्या वाटीत शरीरातल्या द्रवाच्या जागी खारट पाण्यासारखे द्रावण काठोकाठ भरतात. भोवती कोमट पाणी फिरते ठेवून त्वचेचा पृष्ठभाग ३२ अंश सेल्सिअसवर राखतात, कारण आपल्या त्वचेचे बाहेरचे तापमान साधारण तेवढेच असते. खालच्या वाटीत लहानसा चुंबक सतत फिरत द्रावण ढवळत राहतो.

खालच्या वाटीला बाजूने एक नळी असते. तासाने, दोन तासांनी, चार तासांनी, असे चोवीस तासांपर्यंत त्या नळीतून थोडे द्रावण काढतात आणि जेवढे काढले तेवढे ताजे परत भरतात. काढलेल्या थेंबांत औषध किती, हे एचपीएलसी नावाचे यंत्र सांगते. बारीक कणांनी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून तो नमुना मोठ्या दाबाने ढकलला जातो. प्रत्येक पदार्थ त्या नळीतून आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडताना त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकून मोजणी होते. आधी माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने चालवून यंत्राचा काटा जुळवलेला असतो, तसा वाणी तराजू जुळवून घेतो.

मग कागदावर आलेख काढतात. आडवा वेळ, उभे औषध. सुरुवातीला काहीच येत नाही, कारण औषध अजून भिंतीत मुरत असते. मग रेघ वर चढू लागते आणि पुढे सरळ होते. त्या सरळ रेघेच्या चढावरून कळते की त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरमधून तासाला किती औषध जाते. हा आकडा हाती आला की पॅच किती मोठा करायचा ते ठरवता येते.

ग्रॅनिसेट्रॉनच्या पॅचचेच गणित करून पाहू. पॅच ५२ चौरस सेंटिमीटरचा आहे आणि दिवसाला ३.१ मिलिग्रॅम औषध देतो. म्हणजे तासाला सुमारे १२९ मायक्रोग्रॅम, आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे तासाला अडीच मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा. मोठ्या मेहनतीने तयार केलेला, मंजूर झालेला पॅचसुद्धा एवढीच बारीक धार देतो. म्हणून तो तळहाताएवढा असावा लागतो आणि केमोथेरपीच्या २४ ते ४८ तास आधी लावावा लागतो. मनगटावर चिमूटभर जेल चोळून पंधरा मिनिटांत आराम, असे कोणी सांगितले तर हे गणित आठवावे.

मापात पाप कुठे शिरते

फ्रान्झ सेल साधा असला, तरी तो फसवूही शकतो. त्वचेखाली हवेचा एक बुडबुडा अडकला की तेवढ्या जागेतून औषध जात नाही आणि आकडा खोटा कमी येतो. त्वचेला सुईच्या अग्राएवढे छिद्र असले की आकडा खोटा वाढतो. म्हणून प्रयोगाआधी त्वचा अखंड आहे ना, हे विजेचा विरोध मोजून किंवा तिच्यातून पाणी किती झिरपते ते पाहून तपासतात. खालचे द्रावण औषधाने भरून गेले तर पुढचे औषध येणे थांबते. शरीरात तसे होत नाही, कारण रक्त औषध वाहून नेत असते. म्हणून तिथे पुरेसे आणि योग्य द्रावण ठेवावे लागते.

शेवटी पूर्ण हिशेब द्यावा लागतो. वर लावलेले औषध, पुसून काढलेले, त्वचेत अडकलेले आणि खाली पोहोचलेले, सगळ्याची बेरीज जवळपास शंभर टक्के यायला हवी. या तपासणीचे आंतरराष्ट्रीय नियम २००४ साली ठरले. त्यांत दहा टक्के इकडे-तिकडे एवढीच सूट धरली आहे. घरखर्चाच्या वहीत शंभरातले तीस रुपये कुठे गेले ते सांगता येत नसेल, तर ती वही कोण मानील?

पण सगळ्यांत मोठी गफलत होते ती पडद्याच्या बाबतीत. दोन वाट्यांच्या मध्ये त्वचेऐवजी सेल्युलोजसारखा सच्छिद्र कृत्रिम पडदाही लावतात. त्याचा उपयोग वेगळा आहे. जेल आपल्या पोटातले औषध सोडते का, आणि आज केलेला घाणा कालच्यासारखाच आहे का, एवढे त्यातून कळते. ते पाहणे गरजेचेच असते. पण त्या पडद्याला विटाही नाहीत आणि चुनाही नाही. त्यातून औषध भराभर आले म्हणजे माणसाच्या त्वचेतून येईल, असे होत नाही. "प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे" असे डबीवर वाचले की विचारावे: कोणत्या पडद्यातून?

त्वचा कुठली, हाही प्रश्न वाचक विचारतीलच. उत्तम ती माणसाची. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली पोटाची त्वचा रुग्णाच्या संमतीने घेतात आणि यंत्राने तिचा अर्धा मिलिमीटरही जाड नसलेला थर कापतात. ती पुरेशी मिळत नाही, म्हणून अनेक प्रयोगशाळा डुकराच्या कानाची त्वचा वापरतात, कारण ती माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते. हे आम्ही लपवत नाही. पण एवढे समजून घ्यावे की ती त्वचा तपासणीपुरती असते. तिचा काहीही अंश औषधात जात नाही. आता काही ठिकाणी माणसाच्या त्वचेसारखे थर दिलेले कृत्रिम पडदेही वापरात आले आहेत.

त्वचा शरीराच्या कोणत्या भागाची, यानेही फरक पडतो. स्कोपोलामिनचे प्रयोग झाले तेव्हा कानामागची त्वचा इतर जागांपेक्षा जास्त वाट देते असे दिसले. तो पॅच कानामागे लावतात तो त्यामुळे. एवढे करूनही एकाची त्वचा दुसऱ्यापेक्षा निराळी असते. म्हणून पॅचच्या आतच एक बारीक पडदा घातला, तो औषधाला त्वचेपेक्षाही हळू सोडतो. आता वेग त्वचेच्या हाती उरला नाही, पॅचच्या हाती आला.

हे सगळे करूनही काचेची वाटी म्हणजे माणूस नव्हे. तिच्यात रक्ताभिसरण नाही. फ्रान्झ यांना हे ठाऊक होते. त्यांनी १२ पदार्थ आपल्या वाटीत तपासले आणि जिवंत माणसांवर आधी झालेल्या मोजणीशी ताडून पाहिले. म्हणून प्रयोगशाळेतून पास झालेल्या औषधाला पुढे दोन परीक्षा द्याव्याच लागतात. रक्तात ते सापडते का? आणि रुग्णाला आराम पडतो का? ग्रॅनिसेट्रॉनच्या पॅचने त्या दिल्या. ६४१ रुग्णांच्या चाचणीत पॅच लावलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना उलट्यांपासून पूर्ण संरक्षण मिळाले, तर रोज गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना. पॅच गोळीच्या जवळपास बरोबरीचा ठरला.

मनगटावरच्या जेलची गोष्ट

आता भाच्याने सांगितलेल्या जेलकडे येऊ. वर्णनावरून ते अमेरिकेत 'एबीएच' नावाने ओळखले जाणारे जेल दिसते. लोराझेपॅम, डायफेनहायड्रामिन आणि हॅलोपेरिडॉल या तीन औषधांच्या व्यापारी नावांची ही आद्याक्षरे. कारखान्यात तयार होणारे हे औषध नव्हे. मागणीनुसार औषध घोटून देणारी दुकाने ते बनवतात. शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थांत ते अनेक वर्षे वापरले गेले. परिचारिका सांगत, आराम पडतो. नातेवाईक सांगत, आराम पडतो. कोणी खोटे बोलत नव्हते.

मग काही डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला: हे रक्तात पोहोचते का? दहा निरोगी माणसांच्या मनगटांवर नेहमीच्या मापाचे जेल चोळले. त्यात लोराझेपॅम २ मिलिग्रॅम, डायफेनहायड्रामिन २५ मिलिग्रॅम आणि हॅलोपेरिडॉल २ मिलिग्रॅम होते. चार तास ठरावीक अंतराने रक्त काढले. २०१२ साली निष्कर्ष छापून आला. लोराझेपॅम एकाच्याही रक्तात सापडले नाही, हॅलोपेरिडॉलही नाही. डायफेनहायड्रामिन काहींच्या रक्तात सापडले, पण इतके नाममात्र की त्याने मळमळ थांबणे शक्य नव्हते.

त्यानंतर कर्करोगाच्या रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. खरे जेल आणि औषध नसलेले, दिसायला तसेच जेल यांची तुलना केली, आणि लावले ते कोणते हे रुग्णाला ठाऊक नव्हते. तासाभराने मळमळ किती कमी झाली ते विचारले. दोन्ही जेलनी थोडा आराम वाटला होता. खऱ्या जेलचा आराम नुसत्या जेलपेक्षा विशेष जास्त नव्हता. हा निष्कर्ष २०१४ चा. त्याच्या आधीच, २०१३ साली, अमेरिकेतल्या उपशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संस्थेने मळमळीसाठी हे जेल वापरू नये असा सल्ला दिला होता.

यातून आम्हाला एक गोष्ट कळली. रुग्णाचे मनगट हातात घेऊन कोणी मायेने चोळले की त्याला बरे वाटते, आणि ते बरे वाटणे खरेच असते. पण त्या बरे वाटण्यावर विसंबून खरे औषध द्यायचे राहून गेले, तर रुग्णाचे ते तास वाया जातात. केमोथेरपीने थकलेल्या माणसाचा एक तास किती लांब असतो, हे ज्यांनी उशाशी बसून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. माया करणाऱ्यालाही आपण देतो ते पोहोचते का, हे पाहावे लागते.

पॅच वापरणाऱ्यांसाठी

पॅच डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच लावावा. स्वच्छ, कोरड्या, जखम नसलेल्या त्वचेवर लावावा. सांगितल्याशिवाय कापू नये. लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवावेत. स्कोपोलामिनचा हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन अंधुक दिसते. या औषधाने तोंडाला कोरड पडते, झोप येते आणि वयस्कर माणसांचा गोंधळ उडू शकतो. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. ग्रॅनिसेट्रॉनचा पॅच कपड्याखाली झाकलेला ठेवावा, आणि काढल्यावरही दहा दिवस त्या जागेवर ऊन लागू देऊ नये. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये.

काढलेला पॅच रिकामा नसतो. ग्रॅनिसेट्रॉनच्या पॅचमध्ये ३४.३ मिलिग्रॅम औषध असते आणि सात दिवसांत त्यातले साधारण २२ मिलिग्रॅम वापरले जाते. उरलेले तिथेच असते. म्हणून तो चिकट बाजू आत करून दुमडावा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

रमजानमध्ये पॅच लावला तर रोजा राहतो का, हे दरवर्षी विचारले जाते. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ च्या ठरावात त्वचेतून शोषली जाणारी मलमे आणि औषधी पट्ट्या यांनी रोजा तुटत नाही असे म्हटले आहे. आपल्या आलिमांना विचारून खात्री करावी. केमोथेरपी चालू असलेल्या आजारी माणसाला तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहेच.

पत्राचे उत्तर

भगिनी, ते जेल मागवू नका. पैसे जातील, आणि त्याहून वाईट म्हणजे अम्मी त्याची वाट पाहत बसतील.

त्याऐवजी पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा की गोळी पोटात टिकत नाही. उलटी गोळी घेतल्यावर किती मिनिटांनी होते, दिवसातून किती वेळा होते, पाणी किती जाते, हे वहीत लिहून न्या. उलटी सुरू होण्याआधीच द्यायची इंजेक्शने आहेत. जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी आहे. ती घोटभर पाण्याशिवाय घेता येते, पण लाळेबरोबर पोटातच जाते, म्हणून उलटीच्या आधी घेतलेली बरी. दोन-तीन वेगवेगळी औषधे एकत्र देण्याचीही पद्धत आहे. ग्रॅनिसेट्रॉनचा पॅच अम्मींना चालेल का, हेही विचारा. दिवसभर पाणी ठरले नाही, लघवी कमी झाली, गुंगी आली, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

आणि रात्री त्यांच्या उशाशी बसाल तेव्हा मनगट जरूर चोळा. खोबरेल तेल लावून चोळा, हवे तर नुसत्या हाताने चोळा. फक्त त्याला औषध म्हणू नका. औषध आधी पोटात किंवा शिरेत पोहोचलेले असू द्या.

अल्लाह त्यांना शिफा देवो. पुढच्या डोसनंतर त्यांना कसे वाटले, ते आम्हाला जरूर कळवा.